मंजुळावहिनींचं गवत

आमच्या चिकलठाण्यात नव्या बिल्डिंगांच्या मधोमध महापालिकेची एक बाग आहे. रविवारी संध्याकाळी तिथं बाकावर जागा मिळाली तर समजायचं, आपला दिवस चांगला आहे. कुणी सतरंजी अंथरून लेकराच्या वाढदिवसाचा केक कापत असतं, कुणाकडची पाहुणेमंडळी मुलगी बघायला येऊन अवघडून बसलेली असतात, कुणाच्या डब्यातून भरल्या वांग्यांचा वास येतो आणि शेजारचं कुटुंब आपल्या डब्याकडं नाराजीनं बघतं. घसरगुंडीपाशी पोरांचा कालवा चाललेला असतो. आणि या सगळ्या गलक्याच्या वरून मधूनमधून एक आवाज येतो. जीभ टाळूला लावून दोनदा टक्‌ टक्‌, आणि मागून लांबवलेलं "हुर्रऽऽ".

नवा माणूस दचकून मागं बघतो, इथं मेंढरं कुठून आली म्हणून. जुन्या माणसाला बघावं लागत नाही. कुणीतरी हिरवळीवर पाय ठेवलाय आणि मंजुळावहिनींनी ते पाहिलंय, एवढं त्याला बसल्या जागी कळतं.

मंजुळावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, बिरूची बायको. आम्ही मूळचे पैठण तालुक्यातले धनगर. बिरूनं आणि वहिनींनी उमर मेंढरांमागं काढली. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलो, मग इथल्या कारखान्यात लागलो आणि इथलाच झालो. बिरू गेल्यावर वहिनी मेंढरं विकून त्यांच्या मुलाकडं, हनुमानकडं, म्हणजे आमच्याच घरी, राहायला आल्या. हनुमान म्हणाला, आई, आता बसून खा. बसून खाणं त्यांना फार तर आठवडाभर जमलं. मग एक दिवस खुरपं कमरेला खोचून त्या बागेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि रोजावर लागूनच परत आल्या.

पहिल्या दिवशीच त्यांनी सांडू मुकादमाला विचारलं, "हे गवत कुणाला खायला?"

मुकादम म्हणाला, मावशी, हे खायला नाही.

"मंग चालायला?"

चालायला तर अजिबात नाही, तो म्हणाला. लोकांना त्याच्यावरून हाकलायचं, हेच तुमचं काम.

"आरं मंग उगवायचं कशापायी?"

मुकादमानं सांगितलं, बघायला. यावर वहिनी दोन दिवस हसत होत्या. जेवता जेवता मध्येच थांबायच्या, म्हणायच्या, "भावजी, बघायला!" आणि पुन्हा हसायच्या. जन्मभर जिनं मेंढरं गवतावर घातली, तिनं म्हातारपणी माणसं गवतावरून उठवायची, हा देवाचा काहीतरी विनोद असावा असं त्यांना वाटलं. पण काम एकदा अंगावर घेतलं की त्यांच्या नजरेतून काडी सुटत नाही. मुकादमानं त्यांना प्लास्टिकची शिट्टी दिली होती. ती त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, वाजवली मात्र कधी नाही. त्यांचं म्हणणं असं, की शिट्टीनं माणूस फक्त तोंड वळवतो. हाळीनं पाय वळतात. आणि खरंच वळतात, मी रोज बाकावर बसून बघतो. चांगले इस्त्रीच्या पँटीतले, कानात वायर घातलेले लोक टक्‌ टक्‌ हुर्रऽ ऐकून निमूट वाटेवर येतात आणि आपण का आलो ते त्यांनाही कळत नाही.

हाळीवरून आठवलं. मी शाळेत होतो तेव्हा वहिनी नव्या नवरी होत्या. आमच्या गुरुजींनी शाळेसमोर झेंडू लावला होता आणि त्या झेंडूवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. एक दिवस बिरू तापानं पडला, म्हणून मेंढरं घेऊन वहिनी एकट्या निघाल्या, आणि वाट तर शाळेच्या पटांगणातूनच जाणारी. गुरुजी हातात छडी घेऊन पायरीवर उभे राहिले. वहिनींनी एक हाळी दिली आणि आख्खा कळप पटांगणातून पार झाला, झेंडूच्या दोन्ही अंगांनी, नदीचं पाणी खडकाच्या दोन्ही अंगांनी जावं तसा, आणि एकाही तोंडानं झेंडूला हात लावला नाही. तोंडानं हात लावला म्हणतोय मी. माझी नात, अपेक्षा, हे वाचेल तेव्हा हसेल, पण राहू दे. गुरुजी छडी खाली ठेवून आम्हाला म्हणाले, तुमच्यापेक्षा ही मेंढरं शिकलेली. आम्हाला त्याचा राग आला होता.

तर सांगायचं होतं ते नजमाभाभींचं.

मुख्तारभाईंचं जालना रोडला दुकान आहे. रिक्षाचे हूड आणि सीटा शिवायचं काम. आता अम्मार, त्यांचा मुलगा, ते बघतो. नजमाभाभी ही मुख्तारभाईंची बायको, आणि आमच्या वहिनींची सगळ्यात जुनी मैत्रीण. ही मैत्री झाली तीसुद्धा गवतावरूनच.

मुसलमानांच्यात सफर नावाचा महिना असतो. त्याच्या शेवटच्या बुधवारी आपल्याकडची जुनी मुसलमान घरं चारशंबा करतात. पैगंबरसाहेबांना मोठ्या दुखण्यातून त्या दिवशी जरा बरं वाटलं आणि ते हवा खायला बाहेर पडले, अशी जुन्या बायकांची समजूत. म्हणून सगळं गणगोत जमायचं, घरून जेवण न्यायचं, आणि बागेत, मळ्यात, जिथं हिरवं दिसेल तिथं जाऊन अनवाणी गवत तुडवायचं. वर्षाचं दुखणंखुपणं पायातून गवतात उतरतं म्हणतात. हे महिने चंद्रावरचे, दरवर्षी थोडे थोडे मागं सरकतात, त्यामुळं चारशंबा कधी उन्हाळ्यात पडतो, कधी हिवाळ्यात.

भाभी लग्न होऊन आल्या त्या काळात तो हिवाळ्यात पडत होता. तेव्हा ही बाग नव्हती, बिल्डिंगा नव्हत्या, नुसता माळ होता आणि मधून एक नाला. दिवाळीनंतर बिरू आणि वहिनी मेंढरं घेऊन याच माळावर येऊन बसायचे. सगळा माळ पिवळा, फक्त नाल्याच्या कडेला हिरवी पट्टी. मुख्तारभाईंचं सगळं खानदान डेगा आणि जेवणाला अंथरायचा दस्तरखान घेऊन चारशंब्याला आलं, बघतात तर हिरव्या पट्टीवर मेंढरं. मंडळी परत फिरायला लागली. तेवढ्यात नवी नवरी भाभी पुढं झाली आणि वहिनींना म्हणाली, "थोडं गवत आम्हाला ठेवता का? आम्ही खाणार नाही."

वहिनींना ते 'खाणार नाही' फार आवडलं. त्यांनी मेंढरं मागं घेतली आणि पट्टीच्या पुढून वाघर बांधून टाकली. वाघर म्हणजे अंबाडीच्या दोरीचं कमरेइतकं उंच जाळं. रात्री मेंढरांभोवती मेखा ठोकून ते लावायचं, म्हणजे मेंढरं आत आणि लांडगा बाहेर. त्या दिवशी मेंढरं एका बाजूला ओरडत राहिली आणि दुसऱ्या बाजूला भाभींच्या सासरची माणसं गवत तुडवत राहिली. जाताना भाभींनी वहिनींच्या परातीत गुळाचे गुलगुले ओतले. पुढं जितके हिवाळे आमची मेंढरं इथं आली, तितके चारशंबे ती पट्टी राखलेली असायची. चारशंबा सरकत पावसाळ्यात गेला, मेंढरं गेली, माळ गेला, नाला पाइपात गेला. भाभींचा नेम मोडला नाही. कुठं ना कुठं गवत हुडकून त्या सगळ्यांना घेऊन जायच्याच. दीर पैठणचा, नणंद बिडकीनची, जावई जालन्याचा, सगळ्यांना फोन करून धमकावायच्या. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, स्वतःच्या देखरेखीखाली करवून घ्यायच्या, आचाऱ्याला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत तर खलिया बिघडला असं मुख्तारभाई समजायचे.

या वर्षी थंडीत भाभी मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड बसलं, आता चालायचं, जितकं चालाल तितकं चांगलं. हाड तयार होतं, भाभी तयार नव्हत्या. वॉकर धरून पलंगापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून पलंगापर्यंत, एवढीच त्यांची दुनिया झाली. उंबऱ्याशी आल्या की थांबायच्या. पलीकडं फरशी नसते, म्हणायच्या. आवाज गेला होता त्यांचा. घसा चांगला होता, पण ओरडणं गेलं. मुख्तारभाई मला म्हणाले, आठ महिन्यांत तिनं मला एक शिवी दिली नाही, भाऊ, मला घरात करमत नाही.

वहिनी बागेतून सुटल्या की रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसायच्या. बायकांच्या मागं मी आणि मुख्तारभाई चहा पीत बसायचो. पोळा जवळ आला तशी चारशंब्याची गोष्ट निघाली, कारण यंदा दोन्ही एकाच आठवड्यात होते. अम्मार म्हणाला, अम्मी, या वर्षी राहू दे. तसंही हे किताबात कुठं लिहिलेलं नाही. फार तर रविवारी सगळे एखाद्या रिसॉर्टला जाऊ, तू खुर्चीवर आरामात बस. पोरगा वाईट बोलला नाही, काळजीनंच बोलला.

तो उठून गेल्यावर भाभी वहिनींकडं बघून म्हणाल्या, "मंजुळाबाई, या चारशंब्याला माझा पाय गवताला लागला तर लागला. नाही लागला, तर मी खुर्चीचीच झाले असं समज."

त्यांनी हे रडून सांगितलं नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. म्हणून मुख्तारभाईंचा कप हातातच राहिला.

वहिनींनी एका श्वासात उत्तर दिलं. "माझ्या गवतावर ये."

घरी येताना वाटेत त्यांना आठवलं की ते गवत त्यांचं नाही.

त्यातून वेळही वाईट होती. बागेच्या मधल्या भागात नुकतीच नवी हिरवळ बसवली होती. ती चटयांसारखी गुंडाळून टेम्पोतून आली होती आणि वहिनींनी ती बघून मला विचारलं होतं, "गवतबी सतरंजीवानी इकत मिळतं व्हय?" ती मुळं धरेपर्यंत तिच्यावर कुणाचा पाय पडता कामा नये, असा मुकादमाला वरून हुकूम होता आणि मुकादमाचा वहिनींना. कडेला, मेंदीच्या कुंपणालगत, जुन्या गवताचा एक तुकडा मात्र तसाच होता, एका कोपऱ्यानं वाटेला टेकलेला आणि बाकी तिन्ही अंगांनी नव्या हिरवळीनं वेढलेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी मुकादमाकडं गेल्या. मी जवळच बाकावर होतो. सांडू मुकादम माणूस भला. वरून साहेबांचं ऐकायचं आणि खालून लोकांचं, यात त्याच्या डोक्यावरचे केस गेले. तो म्हणाला, मावशी, चार माणसं असती तर मी दुसरीकडं बघितलं असतं. हे म्हणजे आख्खं गणगोत, पोराबाळांसकट. कडेच्या गवतावर आले की मधल्यावर जाणारच. त्यांना कोण धरून ठेवणार?

"मी," वहिनी म्हणाल्या.

एवढ्या माणसांना?

"बाबा, मी वाघ लागलेला कळप ठेवलाय. ही तर जेवलेली माणसं आसत्यात."

वाघ नव्हे, तो लांडगा होता, आणि तोसुद्धा लांबूनच दिसला होता, पण मी मध्ये बोललो नाही. मुकादम हसला. हसला की गेला, हे वहिनींना माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, बरं, सकाळच्या वेळेला या, गर्दी नसते. पण एकसुद्धा पाय मधल्या हिरवळीवर दिसला तर तुम्हाला मी ओळखत नाही आणि तुम्ही मला.

"एकबी पाय दिसायचा न्हाय," वहिनींनी सांगितलं.

मंगळवारी त्यांनी मला स्टूल धरायला लावून माळ्यावरून वाघर खाली काढली. मेंढरं विकली तेव्हा सगळं दिलं, ती एवढी राखून ठेवली होती. धुळीनं भरलेली, जागोजाग बिरूनं गाठी मारलेली. मला त्यांचा बेत कळला आणि मी कपाळाला हात लावला. म्हटलं, वहिनी, पाहुणे आहेत ते. शिकलेले, नटूनथटून येणारे. त्यांना मेंढरासारखं जाळ्यात घालायचं? राग येईल त्यांना.

वहिनींना यात रागावण्यासारखं काय, तेच कळेना. माझ्याकडं लहान पोराकडं बघावं तसं बघत म्हणाल्या, "भावजी, वाघर काय चोरासाठी लावत्यात का? आपला जीव ज्येच्यात आसतो त्येच्याभोवती लावत्यात."

मी जाळं झटकायला लागलो.

बुधवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस थांबला होता. आदल्या दिवशीच्या सरीनं गवत ओलं आणि जमीन मऊ. वहिनींनी उजाडताच मेखा ठोकून कडेच्या तुकड्याभोवती तीन बाजूंनी वाघर लावली, चौथ्या बाजूला मेंदीचं कुंपण होतंच. आत जायला वाटेच्या कोपऱ्याशी एक तोंड ठेवलं, मेंढवाड्याला ठेवतात तसं. मग चप्पल वाटेवर काढून ठेवली. गवतात शिरताना चप्पल काढायची ही त्यांची जुनी सवय.

मंडळी आली. दोन रिक्षा, एक गाडी, आणि मागून डेगांचा टेम्पो. पोरी नव्या कपड्यांत, आफरीन म्हणून भाभींची सून आहे ती हातात गुलगुल्यांचं पातेलं सांभाळत. सगळ्यात पुढं जावई, अझहर. जालन्याला कचेरीत आहेत, पांढरा शुभ्र कुर्ता, अत्तर. ते वाघरीपाशी आले आणि थबकले. जाळं बघितलं, मेखा बघितल्या, तोंडाशी उभ्या असलेल्या, आत चला असा हात करणाऱ्या वहिनींना बघितलं.

"अपन को बकरे समझे क्या?" ते म्हणाले.

मागची माणसं थांबली. पैठणच्या दिराचा चेहरा बदलला. वहिनींचा हात तसाच हवेत राहिला, आणि मला वाटलं, झालं, आता सगळे गाडीत बसून रिसॉर्टला जातात. तेवढ्यात मुख्तारभाई पुढं झाले. त्यांनी सावकाश जोडे काढले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अझहरमियाँ, घाबरू नका. बकरी ईद होऊन गेली."

आधी आफरीन हसली. मग पैठणचा दीर, मग सगळेच, आणि शेवटी जावयांना हसावंच लागलं. त्यांनीही जोडे काढले, आणि आत शिरताना मुद्दाम "मेंऽऽ" केलं. वहिनींनी तेवढ्याच गंभीरपणे सांगितलं, की हे बकरीचं झालं, मेंढी अशी नाही ओरडत. पोरांना तर वाघर फारच आवडली. ती जाळ्याला नाक लावून बाहेर बघत बसली. दस्तरखान पसरला गेला, डेगांची झाकणं उघडली आणि खलियाच्या वासानं बागेतली सकाळी चालायला आलेली माणसं रेंगाळायला लागली.

भाभी अजून रिक्षातच होत्या.

अम्मारनं त्यांना उतरवलं, वॉकर हातात दिला. वाटेच्या फरशीवरून त्या वाघरीच्या तोंडापर्यंत आल्या. मुख्तारभाईंनी खाली बसून त्यांच्या चपला काढल्या. पोरंसुद्धा, कुणी न सांगता, जाळं सोडून बाजूला झाली. भाभींनी वॉकर पुढं उचलून गवतावर ठेवला आणि त्याच्यावर भार दिला.

वॉकरचे पुढचे पाय मऊ जमिनीत रुतले. भाभी पुढं झुकल्या. अम्मारनं मागून धरलं म्हणून वाचल्या. वॉकर उपटून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा रुतला. मला भाभींच्या तोंडावर घरचा तोच उंबरा दिसला.

अम्मार म्हणाला, बस अम्मी, एक पाय लागला, झालं चारशंब्याचं. मी खुर्ची आणतो. खरं म्हणजे पाय लागला नव्हता, वॉकरच लागला होता. आणि हे भाभींना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मान खाली घालून त्यांनी वॉकर मागं फिरवायला घेतला.

वहिनी वाघरीच्या बाहेर, पहिल्या मेखेपाशी उभ्या होत्या. त्यांनी वाघरीची वरची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि अशी ओढली की सैल लोंबणारं जाळं चटकन ताठ झालं.

"नजमाबी, ते लोखंड सोड. हिला धर."

भाभींनी दोरीकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं. "हे तुटलं तर?"

"बिरूची गाठ हाय," वहिनी म्हणाल्या. "हिला आख्खा कळप रेटायचा. तू कितीशी?"

भाभींनी एक हात दोरीवर ठेवला. मग दुसरा. वॉकर तिथंच रुतलेला राहिला. अम्मार पुढं होणार होता, मुख्तारभाईंनी त्याला मनगटाला धरून थांबवलं. भाभींनी डावा पाय गवतात टाकला. ओलं गवत बोटांमधून वर आलं तसं त्यांनी डोळे मिटले, आणि लगेच घाबरून उघडले आणि पायांकडं बघायला लागल्या.

"खाली नगं बघू. मेंढरू खाली बघतं ते खायला. तू म्होरं बघ."

त्या पुढं बघायला लागल्या. एक पाय, मग दुसरा, मग हात सरकवायचा. आतून भाभी आणि बाहेरून वहिनी, दोघींच्या मध्ये ते जाळं. भाभींच्या पुढं पुढं वहिनी दोरी ताणत मागं मागं चालत होत्या, तोंडानं बारीक आवाजात टक्‌ टक्‌ करत. हुर्र नाही, नुसतं टक्‌ टक्‌; हे मी बिरूच्या वेळेपासून ऐकत आलोय. कळप हाकायचा नसतो, फक्त आपण जवळ आहोत एवढं त्याला कळवायचं असतं, तेव्हा असं करतात. एक मेख गेली. दुसरी गेली. कोपऱ्याशी भाभी दमल्या, थांबल्या. आफरीन पाणी घेऊन धावली तर तिला म्हणाल्या, "सर पलीकडं, मध्ये काय येतेस, डोळे नाहीत का?"

मुख्तारभाईंनी माझ्याकडं बघितलं. पहिली शिवी नव्हती ती, पण शिवीच्या घरातली होती.

कोपरा वळून भाभी वाघरीची दुसरी बाजू चालल्या, मग तिसरीही, थेट मेंदीच्या कुंपणापर्यंत. पोहोचल्या तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नणंदेनं डोळ्याला ओढणी लावली, आणि जावई उगीचच नान मोडायला लागले. भाभी दोरी धरून उभ्या राहिल्या आणि पायाची बोटं गवतात हलवत राहिल्या, पाण्यात हलवावीत तशी.

इतक्यात सांडू मुकादम आला. त्याच्या हातात ताट होतं, कारण त्याला कुणीतरी आधीच नान-खलिया वाढून दिला होता, आणि खलियानं भरलेल्या तोंडानं साहेबासारखं बोलणं अवघड असतं. तरी त्यानं प्रयत्न केला. म्हणाला, "मावशी, एकसुद्धा पाय मधल्या हिरवळीवर दिसणार नव्हता ना?"

वहिनी वळल्या. त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला होता. त्यांनी वाघरीच्या आतल्या सगळ्या मंडळींवरून हात फिरवला. "बघ की. हाये का एक तरी भायेर?"

मुकादमानं फक्त हनुवटीनं खाली दाखवलं.

वहिनींनी खाली बघितलं. वाघरीच्या बाहेरच्या अंगानं, त्या चटईसारख्या आणून बसवलेल्या, बघायच्या हिरवळीवरून, पहिल्या मेखेपासून कुंपणापर्यंत, तिन्ही बाजूंनी अनवाणी पावलं उमटली होती. धनगरणीची रुंद पावलं, टाचा खोल रुतलेल्या. आणि त्या पावलांच्या शेवटाला वहिनी स्वतः उभ्या होत्या.

मग त्यांनी जीभ टाळूला लावली, टक्‌ टक्‌, आणि "हुर्रऽऽ" करून स्वतःला हाकलत, मान खाली घालून, वाटेवर आपल्या चपलांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मुकादमाला ठसका लागला. आणि नजमाभाभी हसायला लागल्या. गेल्या थंडीपासून न हसलेलं सगळं त्या हसल्या, पोट धरून, एक हात पोटावर, मग दुसरा हात डोळे पुसायला. तेव्हा मुख्तारभाईंनी मला कोपरानं ढोसलं. भाभींचे दोन्ही हात दोरीवरून सुटले होते आणि त्या उभ्याच होत्या.

कुणी त्यांना ते सांगितलं नाही. मुख्तारभाई गुपचूप उठले, चिखलात रुतलेला वॉकर उपटला, गवताला पुसला आणि नेऊन रिक्षाच्या मागच्या सीटवर ठेवून आले.